खासगी शाळेची पारख: निकालाच्या फलकापेक्षा वह्या बोलक्या

खासगी शाळा निवडायला निघालेल्या पालकांच्या हाती सहसा तीनच गोष्टी असतात: शाळेचे माहितीपत्रक, दर्शनी भागात लावलेला निकालाचा फलक आणि ओळखीच्या कुणीतरी केलेली शिफारस. या तिन्हींतून शाळेचे नाव कितपत मोठे आहे ते कळते, पण तिथे शिकवतात कसे ते कळत नाही. त्यामुळे पारख करायची असेल तर प्रश्नच वेगळा विचारावा लागतो. कुठल्याही विशेष कार्यक्रमाविना उजाडलेल्या साध्या दिवशी, शाळेतल्या सर्वसाधारण शिक्षकाच्या तासाला, वर्गातल्या मधल्या फळीतल्या मुलाच्या वाट्याला काय येते, हा तो प्रश्न होय. पहिल्या पाच क्रमांकांतली मुले बऱ्याचदा घरच्या आधारावर आणि स्वतःच्या हिमतीवरही शिकतात. शाळेचे खरे कर्तृत्व दिसते ते मधल्या आणि मागच्या मुलांत.

निकालापासूनच सुरुवात करू, कारण पालकांचा सर्वांत जास्त विश्वास त्याच्यावर असतो. शंभर टक्के निकाल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांचा शंभर टक्के निकाल. परीक्षेला कोण बसले आणि कोणाला बसू दिले नाही, हे त्या आकड्यात नसते. समजा, एखाद्या तुकडीत चार वर्षांपूर्वी ६० मुले होती आणि अंतिम परीक्षेला त्यांतली ४४ बसली. तर उरलेल्या १६ मुलांचे काय झाले, हा निकालाइतकाच महत्त्वाचा प्रश्न ठरतो. काही कुटुंबे गाव बदलतात हे खरे, परंतु दरवर्षी शेवटच्या एक-दोन इयत्तांच्या तोंडावरच पट घटत असेल, तर ती शाळा कच्च्या मुलांना शिकवण्याऐवजी त्यांच्या हाती दाखला देते, असा संशय घेण्यास जागा आहे. म्हणून टक्केवारी न विचारता मागील तीन वर्षांचा पट आणि परीक्षेला बसलेल्यांची संख्या विचारावी. शाळेने उत्तर सहज दिले तर ते तपासता येते, आणि टाळाटाळ केली तर तीही एक माहितीच असते.

दुसरी बाब प्रवेशाची. प्रवेशपरीक्षा घेऊन आणि पालकांच्या मुलाखती घेऊन निवडलेल्या मुलांनी चांगले गुण मिळवले, तर त्यांतले श्रेय निवडीचे किती आणि शिकवण्याचे किती, हे वेगळे काढणे कठीण असते. ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय संघटना २००० सालापासून अनेक देशांतील १५ वर्षांच्या मुलांची वाचन, गणित आणि विज्ञान या विषयांत ‘पिसा’ नावाची चाचणी घेत आली आहे. तिच्या निष्कर्षांत खासगी शाळांतली मुले बहुधा पुढे दिसतात. मात्र मुलांच्या आणि शाळांच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीचा हिशेब मांडला की सदस्य देशांच्या सरासरीत ही आघाडी उरत नाही. याचा अर्थ खासगी शाळा वाईट असतात असा नव्हे. खासगी असणे हा स्वतःमध्ये गुण नाही आणि प्रत्येक शाळा स्वतंत्रपणे पारखावी लागते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

वह्या मागून पाहाव्यात

माझ्या मते शाळेबद्दल सर्वांत जास्त सांगणारी वस्तू म्हणजे मुलांची वही. शाळेने दाखवण्यासाठी बाजूला काढून ठेवलेली नव्हे, तर एखाद्या इयत्तेतल्या मधल्या मुलाची, वर्षाच्या मध्यावरची गणिताची किंवा भाषेची वही पाहावी. शाळेत ती दाखवायला कुणी तयार नसेल, तर तिथे मूल शिकत असलेल्या एखाद्या परिचित कुटुंबाकडे मागावी. वही हाती आल्यावर अक्षर किती सुबक आहे हे पाहण्यात वेळ घालवू नये. शिक्षकाची लाल शाई काय करते आहे, तिकडे लक्ष द्यावे.

एक उदाहरण घेऊ. ५०३ मधून २७८ वजा करायचे आहेत आणि मुलाने उत्तर लिहिले आहे ३७५. हे उत्तर अंदाजपंचे आलेले नाही. मुलाने प्रत्येक स्थानी लहान अंक मोठ्या अंकातून वजा केला आहे: आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेले सात, पाचातून दोन गेले तीन. एक शिक्षक त्यावर फुली मारतो, शेजारी २२५ लिहितो आणि पुढच्या पानावर जातो. दुसरा शिक्षक विचारतो, ‘तिनातून आठ जात नाहीत, मग दशक कुणाकडून घेशील? तिथे तर शून्य आहे,’ आणि दुसऱ्या दिवशीच्या पानावर मधोमध शून्य असलेली आणखी तीन उदाहरणे दिसतात. पहिल्या वहीत तपासणी झाली आहे, दुसऱ्या वहीत शिकवणे झाले आहे. अशी दोन-चार पाने पाहिली की माहितीपत्रकातले ‘वैयक्तिक लक्ष’ हे शब्द खरे की पोकळ, ते लगेच ठरवता येते.

भाषेच्या वहीत वेगळी खूण शोधावी. दोन-तीन मुलांच्या वह्यांतली प्रश्नोत्तरे शब्दशः सारखी असतील, तर ती फळ्यावरून उतरवलेली किंवा सांगून लिहवून घेतलेली आहेत. असे मूल परीक्षेत गुण मिळवते, पण स्वतःचे चार वाक्यांचे पत्र लिहायची वेळ आली की अडते. उलट, निबंधांचे विषय एकच असूनही मजकूर वेगवेगळा असेल, खाडाखोड असेल आणि चुका असूनही मुलाचे स्वतःचे काहीतरी त्यात उतरले असेल, तर ती वही कितीही अस्ताव्यस्त दिसली तरी चांगल्या वर्गातली समजावी. सलग आठ-दहा पानांवर एकाच तारखेची सही आणि प्रत्येकीखाली ‘छान’ असा शेरा दिसला, तर वह्या महिनाअखेरीस गठ्ठ्याने तपासल्या जातात हे ओळखावे. शेऱ्याचे मोल लहान नाही. शिक्षणविषयक संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केवळ लेखी शेरे मिळालेल्या मुलांची पुढील कामगिरी सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्या मुलांना मात्र तसा लाभ झाला नाही.

वर्गात पाऊण तास

चालू तासाला मागच्या बाकावर बसू देण्याची विनंती जरूर करावी. सर्वच शाळा ती मान्य करणार नाहीत, आणि मुलांच्या सुरक्षिततेचे कारण दिले गेले तर ते योग्यही असू शकते. अशा वेळी व्हरांड्यातून फेरी मारण्याची परवानगी मागावी. संधी मिळालीच तर शिक्षकाचे बोलणे किती प्रभावी आहे यापेक्षा तो प्रश्न विचारल्यानंतर किती वेळ थांबतो, हे मोजावे. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या सुमारास असे आढळले होते की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात व एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण घाईच्या वर्गात ते कधीच सापडत नाहीत.

त्याच वेळी हात कोण वर करते आणि हात वर न करणाऱ्याला शिक्षक विचारतो का, हे पाहावे. चुकीचे उत्तर आल्यावर वर्ग हसतो का आणि हसला तर शिक्षक काय करतो, यावरून त्या वर्गात चुकण्याची मुभा आहे की धास्ती, ते कळते. पूर्ण शांत वर्ग पाहून पालक प्रभावित होतात. मला मात्र चिडीचूप वर्गाची थोडी शंकाच येते.

वर्गातल्या मुलांची संख्या हाही नेहमीचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झालेल्या मोठ्या प्रयोगात मुलांना १३ ते १७ पटाच्या आणि २२ ते २५ पटाच्या वर्गांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागले होते. लहान वर्गांतली मुले पुढे गेली, मात्र मोठ्या वर्गाला मदतनीस दिल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणून ‘एका वर्गाला दोन शिक्षक’ या जाहिरातीवर भाळण्यापूर्वी दुसरी व्यक्ती शिकवते की नुसती वह्या गोळा करते, ते विचारावे. प्राथमिक इयत्तांसाठी या बाबीला अधिक वजन द्यावे.

शिक्षक टिकतात का

इमारत, जलतरण तलाव, प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड या सगळ्यांवर खर्च करूनही शिक्षकांना अपुरे वेतन देणाऱ्या खासगी संस्था असतात, आणि तिथले शिक्षक चांगली संधी मिळताच निघून जातात. सत्राच्या मध्येच गणिताचा शिक्षक बदलला की मुलांचे जे नुकसान होते, ते कुठल्याही फलकावर लिहिले जात नाही. त्यामुळे मुख्याध्यापकांना सरळ विचारावे, की सध्याच्या शिक्षकांपैकी किती जण इथे तीन वर्षांहून अधिक काळ आहेत, मागील वर्षी किती जण सोडून गेले आणि एखादा शिक्षक रजेवर असला की त्याच्या तासाला काय होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांकडून अधिक खरे मिळते.

मुख्याध्यापकांशी बोलताना ‘तुमच्या शाळेचे वैशिष्ट्य काय’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर पाठ असते. त्याऐवजी घडलेल्या गोष्टीबद्दल विचारावे: तिसरीत येऊनही वाचता न येणारे मूल शेवटचे केव्हा आढळले आणि त्याच्यासाठी काय केले? एका मुलाने दुसऱ्याला सतत छळल्याची तक्रार आली तेव्हा कोणती पावले उचलली? ‘आमच्याकडे असे होत नाही’ हे उत्तर सर्वांत काळजीचे मानावे. प्रत्येक शाळेत असे होते. फरक असतो तो शाळेला ते दिसते की नाही यात. मागे पडणाऱ्या मुलासाठी बाहेरची शिकवणी लावण्याचा सल्ला पहिल्याच वाक्यात आला, तर फी नेमकी कशाची भरायची, असा विचार पालकांनी करावा.

सोयींची पाहणी थोडक्यात उरकता येते. ग्रंथालयात कपाटे मोजण्यापेक्षा पुस्तके कडेने मळलेली आणि हाताळलेली आहेत का, हे पाहावे. मुलांची स्वच्छतागृहे आतून पाहावीत. तिथे पाणी नसेल किंवा कड्या मोडलेल्या असतील, तर मुले दिवसभर पाणी पिणे टाळतात.

सुरक्षिततेबाबत मात्र संकोच करू नये. कर्मचारी नेमताना पूर्वइतिहास तपासतात का, शाळा सुटल्यावर मूल कुणाच्या हाती द्यायचे हे कसे ठरते, बसमध्ये मदतनीस असतो का, संकटकाळी बाहेर पडायचे दरवाजे मोकळे आहेत की सामानाने अडलेले आहेत, आणि मुलाने किंवा पालकाने तक्रार करायची तर ती नेमकी कुणाकडे, हे सर्व विचारावे. शाळेची मान्यता आणि परीक्षा मंडळाशी असलेली संलग्नता यांची कागदपत्रे मुदतीसह पाहावीत. नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द असल्याने अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय होत नाही; ज्या मंडळाचे नाव सांगितले जाते, त्याच्याच यादीत शाळेचे नाव आहे का, हे स्वतः पडताळावे.

माध्यमाचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा. सुरुवातीचे शिक्षण मातृभाषेत व्हावे, ही शिफारस युनेस्कोने १९५३ सालीच प्रसिद्ध केली होती. तरीही अनेक पालक विचारपूर्वक दुसरे माध्यम निवडतात, आणि त्यात गैर काही नाही. फक्त घरात जी भाषा बोलली जात नाही तिच्यात मूल शिकणार असेल, तर पहिल्या दोन वर्षांत शाळा त्याला कोणती मदत देते आणि वर्गात चुकून घरची भाषा बोलल्यास काय करते, याची चौकशी करावी.

इतर पालकांशी बोलायचे तर वरच्या इयत्तांतल्या मुलांच्या पालकांशी बोलावे, आणि शक्य झाल्यास शाळा सोडून गेलेल्या एखाद्या कुटुंबाशीही. नुकताच प्रवेश घेतलेले पालक आपल्या निवडीचे समर्थनच करतील. ‘शाळा चांगली आहे का’ असे विचारल्यावर मिळणारे ‘हो’ फारसे उपयोगी नसते. ‘तुमची शेवटची तक्रार काय होती आणि शाळेने किती दिवसांत उत्तर दिले’ असे विचारले की बोलणे पुढे सरकते.

फीचा आकडा पाहताना वर्षाचा एकूण खर्च लिहून काढावा: प्रवेशशुल्क, अनामत, गणवेश, पुस्तके, बस, सहली, उपक्रम आणि परीक्षा. मागील तीन वर्षांत वाढ किती झाली, पुस्तके ठरावीक ठिकाणाहूनच घेण्याची सक्ती आहे का आणि मध्येच दाखला काढल्यास अनामत कोणत्या अटींवर परत मिळते, हे लेखी घ्यावे. पहिल्या वर्षाची फी परवडते म्हणून निर्णय घेणे धोक्याचे असते, कारण वरच्या इयत्तेत गेलेले मूल केवळ फीपायी शाळेतून काढणे पालकांना फार जड जाते, आणि हे संस्थाचालकांनाही ठाऊक असते.

शेवटी दोन शाळांमध्ये निवड अडली, तर अंतराला बरेच वजन द्यावे. येण्याजाण्यात रोज अडीच तास घालवणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाची झोप आणि खेळ दोन्ही कापले जातात, आणि थोडा बरा शिक्षक त्याची भरपाई करू शकत नाही. मूल बुजरे असेल, हळू लिहीत असेल किंवा त्याला काही विशेष मदतीची गरज असेल, तर ती गोष्ट प्रवेशाआधीच शाळेला सांगावी. त्यानंतर प्रवेश नाकारला गेला तरी हरकत नाही. मुलाला न पेलणारी शाळा वर्षभराने सोडावी लागण्यापेक्षा ते त्याच दिवशी कळलेले बरे.