चढावर उतरून ढकलायची वेळ येऊ नये म्हणून: क्रँकसेट आणि हलका गियर कसा निवडायचा

गियरची नवीन सायकल घेतलीत आणि पणजीतल्या आल्तिनोच्या चढावर अर्ध्यात उतरून ढकलावी लागली, तर आधी स्वतःच्या पायांना दोष देऊ नका, सायकलचे दात मोजा. खरंच मोजा. पायडलजवळच्या दातांच्या चकत्या म्हणजे चेनरिंग, मागच्या चाकावरचे स्प्रॉकेट. पायडलचे दांडे म्हणजे क्रँक, ते आणि चेनरिंग मिळून क्रँकसेट. बऱ्याचदा आकडा कोरलेला असतो, नसला तर एका दाताला खडू लावून मोजायचं. पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा व्यास इंचात (रोडबाईक-हायब्रीडचं ७००सी चाक असेल तर २७ धरा, जुन्या एमटीबीला, म्हणजे माउंटन बाईकला, २६), जे उत्तर येतं त्याला गियर इंच म्हणतात. आकडा जितका लहान तितका गियर हलका.

माझ्या हायब्रीडला पुढे ४८/३८/२८ आणि मागे १४ ते २८ होतं. म्हणजे सगळ्यात हलका गियर २८/२८, बरोबर २७ इंच. घेताना विचारलं होतं की घाटात चालेल ना, तर उत्तर मिळालं २१ गियर आहेत, अजून काय पाहिजे. पण २१ या आकड्यातून काहीच कळत नाही हो, त्यातला सगळ्यात हलका किती हलका आहे तेच विचारायचं असतं.

आता कुणाला किती लागतो ते बघू. थोडं गणित आहे पण सोडू नका, सगळी निवड यावरच उभी आहे. माणूस ७० किलो, सायकल आणि पाणी-सामान १५, एकूण ८५ किलो. रेसवाला नाही, पण धडधाकट आहे, सलग १५० वॅट लावतो असं धरू. १० टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की १० मीटर वर. अशा चढावर १५० वॅटमध्ये तो ताशी ६ किलोमीटरच्या आसपासच जाणार, म्हणजे मिनिटाला १०० मीटर. २७ इंचाच्या गियरमध्ये पायडलच्या एका फेरीला सायकल २.१५ मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला जेमतेम ४६ फेऱ्या. इतकं हळू फिरवलं की प्रत्येक फेरीत गुडघ्यावर जोर येतो, मग माणूस सीटवरून उठतो, दम लागतो, आणि उतरतो. निदान ६० फेऱ्या ठेवायच्या असतील तर गियर २१ इंचाचा पाहिजे. ५०/३४ कॉम्पॅक्ट (पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोनच चकत्या) आणि ११-२८ कॅसेटवाल्या (मागे ११ ते २८ दातांचा संच) रोडबाईकचा सगळ्यात हलका गियर ३३ इंच येतो, त्याच चढावर ३८ फेऱ्या. म्हणून माझं मत सरळ आहे, आरामात फिरायचं असेल तर २० ते २२ इंच गाठा, बॅगा लावून केरीहून चोर्ला घाट चढायचा असेल तर २० च्याही खाली या.

पुढची मोठी चकती लहान केली तर स्पीड जाईल ही भीती सगळ्यांना असते. करून बघा हिशेब. पुढे ४८ ऐवजी ४२ ची घेतली तरी ४२/१४ म्हणजे ८१ इंच, मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या की ताशी ३५ किलोमीटर. पाटोवरून रायबंदरला जाणाऱ्या सपाट कॉजवेवर तुम्ही रोज ३५ ने जाता का? बांबोळीच्या उतारावर त्याहून वेग येतो, पण तिथे पायडल मारायचंच कशाला.

सुरुवात मागून करा, ते स्वस्तात होतं. ७ स्पीडला (मागे सात चकत्या) १४-३४ फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा अख्खा संच, मिळतं, २४ वरून एकदम ३४ वर उडी आहे त्यात, सपाटीला फरक पडत नाही आणि चढावर ती मोठी चकती आधाराला येते. माझे २७ इंच एवढ्यानेच २२ वर आले. मात्र दोन गोष्टी बघायच्या. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर टाकणारा भाग) जास्तीत जास्त किती दातांचा स्प्रॉकेट घेतो, आणि त्याची एकूण कपॅसिटी किती. कपॅसिटी म्हणजे पुढच्या मोठ्या-लहान चकतीतला फरक अधिक मागचा फरक, ४८-२८ आणि ३४-१४ असेल तर २० अधिक २०, चाळीस. डिरेलरची त्याहून कमी असेल तर चेन कुठेतरी लोंबणार नाहीतर ताणली जाणार.

आणि चेनची लांबी! माझं फ्रीव्हील ज्यांनी बदललं त्यांनी चेन जुनीच ठेवली. पर्वरीच्या चढावर पुढे मोठी चकती असताना चुकून मागे ३४ वर टाकलं, चेन तारेसारखी ताणली गेली आणि डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला अडकवायचा तुकडा, वाकला. तेव्हापासून स्वतः मापतो: डिरेलरमधून न घालता चेन पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकत्यांवरून गुंडाळायची, टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवायच्या, बस.

एवढ्यानेही भागत नसेल तरच क्रँकसेट. स्वस्त क्रँकच्या चकत्या रिव्हेटने ठोकलेल्या असतात, त्या सुट्या बदलत नाहीत, अख्खा सेटच बदलायचा. बोल्टवाल्या असतील तर बीसीडी बघा, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. रोडच्या १३० बीसीडीवर ३८ पेक्षा लहान चकती बसत नाही, पाच बोल्टच्या ११० वर ३३-३४ च्या खाली जाता येत नाही, त्यामुळे कॉम्पॅक्टवाल्याला ३० हवी असेल तर ४६/३० चा नवीन सेटच घ्यावा लागतो. एमटीबी ट्रिपलमध्ये (पुढे तीन चकत्या) बीसीडी १०४/६४ असतं, बाहेरच्या दोघींना १०४ आणि आतलीला ६४, तिथे आतली चकती २२ पर्यंत जाते. मी ४२/३४/२४ घेतला. २४/३४ म्हणजे १९ इंच, चढावर बसून गप्पा मारत जाता येतं. रोडच्या ब्रेक-शिफ्टरवर एमटीबीचा पुढचा डिरेलर मात्र लावू नका, केबल खेचायचं माप वेगळं असतं.

चौकोनी टेपरच्या (चौकोनी निमुळत्या दांड्यावर बसणाऱ्या) क्रँकला बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे फ्रेममधल्या ज्या बेअरिंगवर क्रँक फिरतात त्याच्या, दांड्याची लांबी महत्त्वाची, नवीन क्रँकला किती लागते ते विकत घ्यायच्या आधीच विचारा, कमी पडली तर लहान चकती फ्रेमला घासते. जुना क्रँक काढताना बोल्ट आणि त्याचा वॉशर दोन्ही बाहेर आल्याची खात्री करा, मग क्रँक पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) पूर्ण आत आटवा, अर्धवट आटवून जोर लावला की क्रँकचे आटे गेलेच समजा. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं. बहुतेक सायकलींत बॉटम ब्रॅकेटचा उजवा कपही (त्याला फ्रेममध्ये धरणारी आट्यांची वाटी) उलट्या आट्याचा. आपल्याकडे पावसाळा आणि खारी हवा, कपला ग्रीस न लावता बसवलं तर दोन वर्षांनी निघता निघत नाही.

४८ वरून ४२ वर आलात की पुढचा डिरेलर १२ मिलिमीटरच्या आसपास खाली सरकवायचा, चेन ज्यातून जाते त्या त्याच्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी आणि दात यांत १ ते ३ मिलिमीटर फट ठेवायची. काही फ्रेमवर बाटलीच्या स्टँडचा बोल्ट आड येतो, हे आधीच बघून ठेवा.

क्रँकच्या लांबीकडे कुणी बघतच नाही. माझी बायको ५ फुटांची, तिच्या सायकलला १७० मिलिमीटरचे क्रँक होते, गुडघा वर येताना जास्त दुमडायचा आणि दुखायचा. १६० लावले तेव्हा ते दुखणं थांबलं. पण लहान क्रँकला तरफ कमी पडते, म्हणून तिच्यासाठी हलका गियर आणखी गरजेचा.

सगळं बसवलं की लगेच घाटात जाऊ नका. फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा, आधी सपाटीला सगळे गियर पाडून बघा, मग पिएदादच्या चर्चकडचा छोटा चढ घ्या, चेन उडत असेल तर तिथेच कळेल. आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर क्रँकचे दोन्ही बोल्ट परत आवळा, नवीन क्रँक टेपरवर बसत जातो तसा बोल्ट सैल होतो आणि सैल क्रँक चालवला की त्याचं चौकोनी भोक कायमचं बिघडतं.