होडी वाळूला टेकली तर सुकाणू कसं सांभाळावं?

खाडीच्या तोंडाशी वाळू कधी एका जागी राहत नाही. गोव्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा दांडा, म्हणजे पाण्याखालचा उंचवटा आहे, कोकणातल्या खाड्यांनाही असे दांडे आहेत. पावसाळा सरला की गेल्या हंगामातली वाट तशीच असेल असं धरून चालू नये. लहान शिडाची होडी अशा वाळूच्या दांड्यावर चढली, तर मोडायची भीती सगळ्यात जास्त सुकाणूला असते. कारण ते मागच्या बाजूला दोन बारीक पिनांवर लटकलेलं असतं आणि पातं वाळूत अडकलं की धक्क्याचा जोर त्या पिनांवर येतो.

म्हणून तयारी किनाऱ्यावरच करा. लेझर किंवा एंटरप्राइज होडीत सुकाणूचं पातं मागे उचलतं, ते खाली धरायला एक दोर असतो. हा दोर क्लीटमध्ये, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेत, नुसता अडकवा, गाठ मारू नका. एका हिसक्यात सुटला पाहिजे. मुलांच्या ऑप्टिमिस्टचं पातं मात्र उचलत नाही, सुकाणू अख्खंच काढावं लागतं. ते कसं निघतं हे आधी हाताने करून पाहा.

पोटाखालची फळी सहसा सुकाणूपेक्षा खोल असते, त्यामुळे पहिला खरवडल्याचा आवाज तिचाच येतो. तेव्हा होडी चालत असेल, तर लगेच खोल पाण्याकडे वळवा. पात्यावरून पाणी वाहतंय तोवरच सुकाणूचा उपयोग. होडी थांबलीच, तर शिडाचा दोर सोडा, फळी वर घ्या आणि सुकाणूचा दोर मोकळा करा. या तीन गोष्टी झटपट करा. मग सगळे नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे सरका, म्हणजे मागची बाजू उचलते आणि पातं सुटायला मदत होते.

पातं रुतलं असेल तर सुकाणूचा हातात धरायचा दांडा इकडून तिकडे हलवून ते मोकळं करायला जाऊ नका. लांब दांड्याचा सगळा जोर पिनांवर जातो आणि त्या वाकतात. पातं सरळ वर उचला. तेही जमलं नाही तर सुकाणूला दोर बांधून ते काढून होडीत घ्या आणि वल्ह्याने दिशा द्या.

वल्ह्याने रेटून मागे जाताना सुकाणूचा दांडा मधोमध घट्ट धरा. मागे जाताना सुकाणूचा परिणाम उलटा होतो, आणि सैल सोडलं तर पाणी पात्याला झटक्यात आडवं फिरवतं. अर्धवट उचललेल्या पात्याने होडी चालवता येते, पण दांडा जड लागतो. हळू जा, थोडंच वळवा.

उतरायचं तर पक्की वाळू आहे याची खात्री करूनच. चिखलात पाय रुततात, कालवांनी कापतात, बूट हवेतच. लाटा असतील तर होडी आणि किनारा यांच्यामध्ये उभं राहू नका.

ओहोटी असेल तर घाई करा. चार मीटरच्या ओहोटीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी साधारण एकेक मीटर उतरतं. भरती असेल तर नांगर टाकून थांबलेलं चांगलं.

खोल पाण्यात आल्यावर पातं पूर्ण खाली करून दोर अडकवा. किनाऱ्यावर गोड्या पाण्याने बिजागरीतली वाळू धुवा, पिना सरळ आहेत का आणि पात्याला तडा गेलाय का ते बोट फिरवून तपासा. सुकाणू डुगडुगत असेल तर दुरुस्त होईपर्यंत होडी पाण्यात घालू नका.