सायलेन्सर बदलल्यावर अॅव्हरेज पडलं? आधी मुठीला टेप लावा, मग पाना उचला

माझं गॅरेज दारव्ह्यात, यवतमाळ रोडला. सोयाबीनचा पैसा हाती आला की पोरं बुलेटला पंजाब सायलेन्सर (मोठ्या आवाजाचा, मोकळा) आणि कोन फिल्टर (डब्याशिवायचा उघडा हवेचा फिल्टर) बसवून घेतात. महिन्याभरात तीच पोरं परत येतात, "भाऊ, गाडी लय पेट्रोल पिऊन राहिली." मागच्या हिवाळ्यात बोरी अरबकडचा एक पोरगा आला. जुनी कारबोरेटरवाली (म्हणजे इंजिनला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग असलेली) बुलेट 350, रोज यवतमाळला नोकरीवर जाणं-येणं. आधी 36 चं अॅव्हरेज होतं, आता 25. महिन्याला 1,300 किलोमीटर धरले तर 36 लिटरच्या जागी 52 लिटर. त्याच्या पगारात हे 16 लिटर कुठून बसवायचे? त्याच्या गाडीवर काय काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण बहुतेक गाड्यांचं दुखणं हेच असतं.

आधी मोजा. "रिझर्व्हला लागली तेव्हा एवढी चालली होती" हे मोजमाप नाही. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून टाकी ठरलेल्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, नेहमीच्या रस्त्याने दीडशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर त्याच खुणेपर्यंत परत भरा. झालेल्या किलोमीटरला दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरने भागा. पंप एकच हवा, कारण पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जवळपास दोन-तृतीयांशच ताकद असते. मिसळ कमीजास्त झाली तर आकडा हलतो आणि आपण उगाच जेटवर (कारबोरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकाची पितळी नळी) संशय घेत बसतो. सोबतच चाक उचलून हाताने फिरवा, हवा तपासा. त्या पोराचा मागचा ब्रेक घासत होता. तो मोकळा केल्यावर 25 चे 27 झाले, सायलेन्सरला हातही न लावता.

आता टेप. रेसच्या मुठीवर एक रेघ आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर चार रेघा: बंद, पाव, अर्धी, पाऊण. दोन दिवस रोजच्या रस्त्यावर चालवा आणि मूठ कुठे राहते ते बघा. पोराने सांगितलं, पंचावन्न-साठच्या स्पीडला ती पावच्या थोडी पुढे, अर्ध्याच्या आतच. कारबोरेटरमध्ये पावच्या खाली पायलट जेट (छोटा जेट) आणि मिसळ ठरवणाऱ्या स्क्रूचं काम, पाव ते पाऊण निडलचं (बारीक सुई, वर उचलली की पेट्रोल वाढतं), आणि मेन जेटचा खरा अंमल पाऊणच्या पुढे. म्हणजे त्याचं पेट्रोल निडलच्या पट्ट्यात जात होतं. गाडीत मात्र मेन जेट मोठा केला होता, निडलखाली वॉशर टाकला होता आणि स्क्रूही मोकळा सोडला होता. सुरुवातीची काही वर्षं मीही असंच करायचो, सायलेन्सर मोकळा झाला की न तपासता जेट मोठा. किती गिऱ्हाइकांचं पेट्रोल त्यात गेलं असेल, याचं वाईट वाटतं.

प्लग खोटं बोलत नाही. नेहमीच्या स्पीडला पाच-सहा किलोमीटर चालवा, क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विचने इंजिन बंद करा, बाजूला थांबा, थोडं निवू द्या आणि प्लग काढा. फिकट विटकरी रंग असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय. पोराचा प्लग काजळीने माखलेला होता.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो फिल्टरने. कंपनीचा फिल्टरचा डबा ही अडगळ नाही. तो कारबोरेटरला शांत, एकसारखी हवा पुरवतो. रबरी पडद्याच्या कारबोरेटरमध्ये आतली स्लाइड (निडल धरणारा सरकता भाग) व्हॅक्यूमवर उचलली जाते. डबा काढून उघडा कोन लावला की हे गणित बिघडतं, मधल्या रेसमध्ये गाडी अडखळते, आणि तो खड्डा भरायला मिस्त्री पेट्रोल वाढवतो. आणि आपल्या पांदणीची धूळ? सोयाबीनचं मळणीयंत्र चालू असताना वावराच्या बाजूने जाऊन बघा. स्वस्तातल्या कोनमधून ती बारीक माती सरळ आत जाते, रिंगा झिजवते. मग इंजिन ऑइल खाऊ लागतं आणि जेट कितीही बदलले तरी जुनं अॅव्हरेज येत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे कंपनीचा डबा आणि नवा कागदी फिल्टर परत बसवणं.

त्यानंतर कारबोरेटर. जेटवर नंबर कोरलेला असतो. नंबर मोठा तर पेट्रोल जास्त. मूळ नंबरचा जेट परत टाका, भोकात तार घालू नका, पितळ आहे. निडलखालचा वॉशर काढा. निडलला खाचा असतील तर क्लिप एक खाच वर नेली की निडल खाली उतरते आणि पेट्रोल कमी होतं. स्क्रूच्या बाबतीत पुष्कळ जण चुकतात: तो इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्याने पेट्रोल वाढतं, फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्याने हवा वाढते. गाडी गरम करून, स्लोवर ठेवून, पाव-पाव फेरा फिरवा. जिथे आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा लागतो तिथे थांबा. एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी प्लग बघा. अॅव्हरेजच्या मागे लागून पेट्रोल फार तोडू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा पांढऱ्या प्लगची गाडी व्हॉल्व्ह जाळून घेते.

बेंड पाइप (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा पाइप) उघडला असेल तर हेडजवळचं पॅकिंग नवंच टाका. थंड गाडी चालू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओलं फडकं दोन-तीन सेकंद दाबा. जोडावर फुसफुस ऐकू आली तर तिथे गळती आहे.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराचे नवे नियम पाळणाऱ्या) बुलेटना, म्हणजे कारबोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्यांना, ही गळती फार महागात पडते. बेंड पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजतो. त्याच्या आधी गळती असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल कमी पडतंय असं सेन्सर कळवतो आणि गाडीचा मेंदू विनाकारण पेट्रोल वाढवतो. नव्या पाइपला सेन्सरची जागाच नसेल आणि तो तसाच लोंबकळत असेल, तर सेटिंगने काही होणार नाही. मूळ पाइप, सेन्सर आणि पॅकिंग, हाच इलाज.

डबा, जेट, वॉशर आणि पॅकिंग झाल्यावर बोरी अरबच्या बुलेटने 33 दिले. आवाजाचा मोह तरी होताच. मग मी त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2) सांगितलं, आवाज-प्रदूषणाचे नियम मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावात रात्री पाळण्यातलं लेकरू दचकून उठतं, तेही सांगितलं. कंपनीचा सायलेन्सर परत बसवून, स्क्रू पुन्हा लावून मोजलं तेव्हा 35 भरले. साइड कव्हरच्या आत मार्करने तारीख, किलोमीटर, जेटचा नंबर आणि स्क्रूचे फेरे लिहून दिले आहेत. पुढच्या वेळी गाडी कोणत्याही मिस्त्रीकडे गेली तरी त्याला तिथून सुरुवात करता येईल.