अरहू शिकताना आधी उजवा हात

चिनी गजवाद्यांच्या हूचिन कुळात पेकिंग ऑपेराची साथ करणारा तीव्र स्वराचा जिंगहू आहे आणि कँटोनीज संगीतातला, गुडघ्यांमध्ये धरून वाजवला जाणारा गाओहूही आहे. तरीही नवशिक्याने याच कुळातल्या अरहू या वाद्यापासूनच सुरुवात करावी. चिनी संगीतकार ल्यू त्येन्हुआ (१८९५–१९३२) यांनी या वाद्यासाठी १० स्वतंत्र रचना आणि ४७ अभ्यासपाठ लिहिले, त्यामुळे क्रमाने पुढे जाण्याची वाट येथे तयार आहे.

खुर्चीच्या कडेवर ताठ बसून नादपेटी डाव्या मांडीवर, कमरेजवळ टेकवावी आणि दांडा जवळजवळ उभा ठेवावा. अरहूला दोनच तारा असतात. वादकाकडील आतली तार मध्य सप्तकातील डी स्वराला आणि बाहेरची तिच्या पंचमाला, म्हणजे ४४० हर्ट्झच्या ए स्वराला लावतात. आतल्या तारेला षड्ज मानले की कानाला आधार मिळतो.

गजाचे केस या दोन तारांच्या मधून जातात, म्हणून गज वाद्यापासून वेगळा करता येत नाही. केसांची एक बाजू आतल्या तारेला घासते, दुसरी बाहेरच्या तारेला. त्यामुळे राळ दोन्ही बाजूंना लावावी लागते. तळवा वर येईल अशा रीतीने गज धरून, मधले बोट व अनामिका यांनी केस आपल्याकडे ओढले की आतली तार वाजते, आणि ती बोटे सैल करून गज पुढे ढकलला की बाहेरची. गज नादपेटीच्या माथ्यावर टेकवून आडवा, सरळ रेषेत फिरवावा. डावा हात न वापरता केवळ मोकळ्या तारांवर लांब, संथ गज ओढण्याचा सराव पुष्कळ दिवस करावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण कर्कश आवाजाचे मूळ बहुतेक वेळा गजाच्या असमान दाबात असते.

त्यानंतर डावा हात. येथे बोटपट्टी नाही. तार दांड्याला टेकेपर्यंत कधीच दाबायची नसते. बोटाचा हलका स्पर्श पुरतो, आणि दाब थोडा वाढला तरी स्वर चढतो. याच गुणामुळे अरहूत मींड आणि कंप इतके मानवी आवाजासारखे उमटतात. चीनमधील वूशी शहराचे अंध वादक अबिंग यांचे १९५० सालचे ध्वनिमुद्रण ऐकताना स्वरापेक्षा दोन स्वरांमधल्या प्रवासाकडे आणि गजाच्या बदलत्या वजनाकडे लक्ष द्यावे.

वादन संपल्यावर नादपेटीच्या वरच्या कडेशी तारांखाली पेन्सिलीचा तुकडा सरकवून ठेवावा. त्यामुळे घोडीवरचा भार कमी होतो आणि नादपेटीवर ताणलेले अजगराचे कातडे खचत नाही. गजही सैल करावा.