राउटरच्या पोर्टला आयपी देताना: आधी वही, मग कन्सोल

राउटरला कन्सोल केबल (लॅपटॉपवरून कमांड द्यायची तार) लावण्याआधी वही उघडा. माझ्या हाताखाली येणाऱ्या पोरांना हे पटत नाही, कारण आयपी देणं म्हणजे एका ओळीची कमांड. ओळ एकच आहे, खरं आहे. घोळ होतो तो सबनेटच्या, म्हणजे नेटवर्कच्या छोट्या तुकड्यांच्या, हद्दी आखताना, आणि ते काम वहीतलं.

फोर्टमधलं एखादं सीएचं ऑफिस धरू. जुनी इमारत, लाकडी माळा, आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सेकंडहँड सिस्को २९११. त्याला गिगाबिटचे तीन पोर्ट: ०/०, ०/१ आणि ०/२. स्टाफचे लॅपटॉप, फोन, प्रिंटर मिळून सत्तरेक डिव्हाइस, पाहुण्यांच्या वायफायवर फार तर चाळीस, शिवाय सोळा कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर.

आतले ॲड्रेस खासगी रेंजमधूनच घ्यायचे: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ किंवा १९२.१६८.०.०/१६ (तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका ब्लॉक लहान). आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रकात १९९६ सालीच हे ठरलंय. त्यातलं १९२.१६८.१.० मी ऑफिसला कधीच देत नाही. घरोघरच्या वायफाय राउटरवर बहुधा तेच असतं. स्टाफमधल्या कुणी घरून व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी मार्ग) लावला आणि दोन्हीकडे एकच नेटवर्क निघालं, की ऑफिसचा सर्व्हर त्याला सापडत नाही. म्हणून इथे १९२.१६८.४०.०/२४ घेऊ.

आता वाटणी. मोठ्या गटाला आधी जागा द्यायची. स्टाफला /२५, म्हणजे १२८ ॲड्रेस, ० ते १२७. पाहुण्यांना /२६, म्हणजे ६४, १२८ ते १९१. कॅमेऱ्यांना /२७, म्हणजे ३२, १९२ ते २२३. उरलेले २२४ ते २५५ तसेच राहू द्या. उद्या शेजारचा गाळा घेतला तर कामाला येतील. प्रत्येक ब्लॉकचा पहिला ॲड्रेस नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा), म्हणून वापरायला दोन कमी मिळतात. राउटरच्या पोर्टला मी नेहमी पहिला वापरण्याजोगा ॲड्रेस देतो: .१, .१२९, .१९३. शेवटचा दिला तरी चालतं, पण सगळीकडे एकच पद्धत ठेवा.

मोठा आधी का? ब्लॉक हवा तिथून सुरू करता येत नाही. १२८ चा ब्लॉक ० वर किंवा १२८ वरच बसतो, ६४ चा ब्लॉक ६४ च्या पटीतच. कॅमेऱ्यांना ० ते ३१ देऊन स्टाफला ३२ पासून १२८ द्यायला गेलात, तर ते गणितातच बसत नाही. हद्द ओळखायची रीत सोपी आहे: मास्कचा (ब्लॉक केवढा ते सांगणाऱ्या चार आकड्यांचा) शेवटचा आकडा २५६ मधून वजा करा. कॅमेऱ्यांचा मास्क २५५.२५५.२५५.२२४, २५६ वजा २२४ म्हणजे ३२. आता ३२ च्या पटी मोजा: १६०, १९२, २२४. एखाद्या कॅमेऱ्याला .२०० दिला असेल तर तो १९२ च्या ब्लॉकमधला. त्याचा गेटवे (ब्लॉकबाहेर जायचं दार, म्हणजे राउटरचा पोर्ट) .१९३ आणि मास्क २२४ च हवा. कॅमेरा लावणारा माणूस सवयीने २५५.२५५.२५५.० टाकून जातो. मग ऑफिसातले लॅपटॉप त्याला आपल्याच केबलवर आहेत असं वाटतं, तो गेटवेकडे पाठवतच नाही, आणि रेकॉर्डर चालू असूनही साहेबांच्या लॅपटॉपवर कॅमेऱ्याचं चित्र येईलच असं नाही.

कमांड अशा. खाली उच्चार दिलाय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं.

एनेबल
कॉन्फिगर टर्मिनल
इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०
आयपी ॲड्रेस १९२.१६८.४०.१ २५५.२५५.२५५.१२८
नो शटडाउन

सिस्कोच्या राउटरचे पोर्ट मुळात बंदच असतात, म्हणून शेवटची ओळ. पाहुणे आणि कॅमेरे एकाच पोर्टवरून, दोन व्हीलॅनमध्ये (एकाच केबलवरच्या दोन वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) जातील:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/१.२०
एन्कॅप्स्युलेशन डॉट१क्यू २०
आयपी ॲड्रेस १९२.१६८.४०.१२९ २५५.२५५.२५५.१९२

एन्कॅप्स्युलेशन (कुठला व्हीलॅन ते सांगणारी ओळ) आधी, आयपी नंतर. उलटं केलं तर राउटर आयपी घेतच नाही. कॅमेऱ्यांसाठी ०/१.३० वर हेच, फक्त व्हीलॅन ३०, ॲड्रेस .१९३ आणि मास्क २२४. मूळ ०/१ ला आयपी नको, पण नो शटडाउन हवंच. स्विचकडचा पोर्ट ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणारा, असायला हवा.

०/२ वर इंटरनेट कंपनीने कागदावर दिलेला ॲड्रेस, मास्कसकट जसाच्या तसा. तिचा गेटवे घेऊन एक डिफॉल्ट रूट (बाकी सगळं कुठे पाठवायचं ते) आणि नॅट (आतले खासगी ॲड्रेस बाहेरच्या ॲड्रेसमध्ये बदलणं) लागेल. नुसत्या आयपीने नेट चालत नाही.

राउटर तक्रार करतो तेव्हा नीट वाचा. ‘बॅड मास्क’ म्हणाला तर तुम्ही .१२८ सारखा नेटवर्कचाच किंवा .१९१ सारखा ब्रॉडकास्टचा ॲड्रेस टाकलाय. ‘ओव्हरलॅप्स’ म्हणाला तर तोच ब्लॉक दुसऱ्या पोर्टवर आहे, आणि कुठल्या ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं. मग ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ बघा. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ म्हणजे नो शटडाउन राहिलं. दोन्ही रकान्यांत नुसतं ‘डाउन’ असेल तर आधी केबल आणि समोरचा स्विच बघा.

सबनेट वेगळे केले म्हणजे पाहुणे अडले, असं समजू नका. राउटर स्वतःच्या सगळ्या पोर्टमध्ये आपणहून रूट करतो. वायफायवरच्या पाहुण्याला स्टाफचा प्रिंटर दिसू नये तर ॲक्सेस लिस्ट (कुणी कुठे जायचं नाही याची यादी) लावावी लागते.

आणि बोरिवलीला घरी बसून फोर्टच्या राउटरचा आयपी बदलणार असाल, तर आधी ‘रिलोड इन १०’ द्या. बदललेलं सेव्ह करू का, असं विचारलं तर नो म्हणा. कनेक्शन तुटलं तरी दहा मिनिटांनी राउटर जुन्या कॉन्फिगवर परत उठतो, शेवटची लोकल पकडावी लागत नाही. सगळं नीट चाललं तर ‘रिलोड कॅन्सल’ टाका, मगच ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ देऊन बदल सेव्ह करा.