युद्धस्मारकासमोर उभे राहिलात की आधी कर्ता शोधा

स्मारक बघायला गेलो की आपण फोटो काढतो, हात जोडतो आणि निघतो. पुढच्या वेळी पाच मिनिटं थांबा, कोरलेलं वाक्य नीट वाचा आणि शाळेत व्याकरणाच्या तासाला करायचो तसा त्यातला कर्ता शोधा.

हिरोशिमाचंच घ्या. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ८:१५ ला बॉम्ब पडला असं आपण सहज म्हणतो, पण तो अमेरिकेनं टाकला होता. १९५२ मधे तिथल्या शांती पार्कमधे जे स्मारक झालं त्यावर लिहिलंय त्याचा अर्थ साधारण असा की शांत झोपा, ती चूक पुन्हा होणार नाही. चूक कुणाची? जपानीत कर्ता गाळता येतो आणि इथे तो गाळलाय. शहराचं म्हणणं की कर्ता म्हणजे सगळी मानवजात. आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल त्याच वर्षी तिथे गेले होते, त्यांना हे अजिबात पटलं नाही, बॉम्ब काय जपान्यांनी टाकला का असा त्यांचा सवाल होता.

मग पार्कच्या कुंपणाबाहेर काय होतं ते बघा. बॉम्बनं हजारो कोरियन लोकही मेले, कोरिया तेव्हा जपानची वसाहत होती, कित्येकांना कामाला जबरदस्तीनं आणलेलं. त्यांचं स्मारक १९७० मधे झालं ते पार्कच्या बाहेर, नदीपलीकडे, आत यायला १९९९ उजाडलं. म्हणून प्रत्येक दगडावरचं साल बघायचंच, कुणाला किती वर्षं ताटकळत ठेवलं ते तिथेच कळतं.

आता टोकियोचं यासुकुनी, म्हणजे जपानसाठी युद्धात मेलेल्यांना जिथे पुजतात ते शिंतो मंदिर. १९७८ मधे तिथे १४ मोठ्या युद्धगुन्हेगारांना गुपचूप पुजल्या जाणाऱ्यांत सामील करून घेतलं, आणि २००५ मधे पालांचं स्मारक उभारलं, कारण टोकियो खटल्यात, म्हणजे युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या खटल्यात, सगळ्या आरोपींना निर्दोष म्हणणारे न्यायाधीश ते एकटेच. पण त्याच निकालपत्रात जपानी सैन्यानं चीनमधल्या नानजिंगमधे अत्याचार केले हेही त्यांनी मान्य केलंय. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, स्मारकावर ज्या माणसाला मोठं केलंय त्याचं पूर्ण म्हणणं शोधून वाचायचं, अर्धंच उचललेलं असतं बरेचदा.

आपल्याकडे सुरुवात घरातल्या इतिहासाच्या पुस्तकापासून करा. फाळणीचा धडा काढा, "दंगली उसळल्या", "लाखो लोक मारले गेले" असलं काही दिसलं की खाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि बाजूला समासात लिहा, कुणी?