नाल्यात डिझेल उतरलं तर

मौद्याकडे आमचं धानाचं शेत आहे. बांधालगतचा नाला कन्हानला मिळतो, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्द धरण. म्हणून डिझेलची गळती नाल्यातच अडवायची.

जमिनीखालून तेलवाहिनी जात असेल, तर तिची खूण म्हणून रोवलेल्या खांबावरचा फोन नंबर आजच मोबाईलमध्ये टाका. १९६२ च्या कायद्याने तेलवाहिनीवरच्या जमिनीच्या पट्ट्यात विहीर खणायला, झाड लावायला मनाई आहे, ती पाळाच.

वास आला की वारा जिकडून येतो त्या बाजूला, गळतीपासून दूर व्हा. गाडी, मोटारपंप सुरू करू नका. खांबावरच्या नंबरला, मग ११२ ला फोन करा, पण दूर गेल्यावरच. पेट्रोल असेल तर जवळ जाऊच नका.

डिझेल असेल आणि अग्निशमनवाल्यांनी हो म्हटलं, तरच नाला वाहतो त्या दिशेला, खालच्या अंगाला मातीचा बांध घाला. त्यात पाईप तिरपा बसवा: वरच्या अंगाचं तोंड पाण्यात खोल बुडलेलं, खालच्या अंगाचं उंच. डिझेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे खालचं पाणी निघून जातं, तवंग बांधाशी थांबतो. हे तोंड उलटं बसवलं तर सगळी मेहनत वाया. तवंगावर कोरडी तणस (धानाचा पेंढा) पसरा. ती तेल धरते, भिजून जड होते. मग काढून ताडपत्रीवर ठेवा. जाळू नका, शेतात टाकू नका. साबणाची पावडर तर अजिबात नको, तेल पाण्यात मिसळतं आणि मासे मरतात.